वाइड रिसीव्हरसाठी पहिल्या फेरीचा पिक द्यावा का?

२०२२ साली सुमारे सहा आठवड्यांत अमेरिकन फुटबॉलमधले तीन अव्वल वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, संघ बदलून गेले. मार्चच्या मध्याला ग्रीन बे पॅकर्सनी डॅव्हान्टे ॲडम्स लास व्हेगास रेडर्सना दिला. पाठोपाठ कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरीक हिलला मायामी डॉल्फिन्सकडे पाठवलं. आणि २८ एप्रिलला, ऐन ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, रात्री, टेनेसी टायटन्सनी ए. जे. ब्राउन फिलाडेल्फिया ईगल्सच्या हवाली केला. तिघांच्याही बदल्यात पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे त्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क, मोजला गेला. नव्या संघात पहिल्याच वर्षी तिघांनीही १,५०० यार्डांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मजल मारली. म्हणजे माल खरा होता, कुणाची फसवणूक झाली नव्हती.

तरीही ईगल्स त्याच हंगामात सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोचले, डॉल्फिन्स प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडले आणि रेडर्स १७ पैकी ११ सामने हरले.

दर वर्षी मार्च आला की, आणि पुन्हा ऑक्टोबर सरत आला की, अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या शहरात हीच चर्चा तापते: आपल्या संघाने एखादा मोठा रिसीव्हर ट्रेड करून आणावा का? मुलांमुळे किंवा ऑफिसातल्या फॅन्टसी लीगमुळे हा खेळ बघायला लागलेली मराठी मंडळीही त्यात हिरिरीने उतरतात. बहुतेक वेळा वाद एकाच मुद्द्यावर घुटमळतो, तो खेळाडू किती चांगला आहे यावर. माझ्या मते तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न आहे. खरा प्रश्न असा, की आपल्या संघाचं घोडं नेमकं कुठे अडलंय, आणि ते रिसीव्हरमुळेच अडलंय का?

आधी थोडी ओळख करून घेऊ. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेने धावतो आणि तो फेकलेला चेंडू झेलतो. या ठरलेल्या वाटेला रूट म्हणतात. समोर त्याला अडवायला कॉर्नरबॅक असतो आणि मागे, खोलवर, सेफ्टी राखण करत असतो. रिसीव्हर खरोखरच धोकादायक असेल तर सेफ्टीला त्याच्या बाजूला सरकावं लागतं. एका खेळाडूवर दोघे लागले की उरलेल्या दहांसाठी मैदान मोकळं होतं. चेंडू घेऊन धावणाऱ्या बॅकला जागा मिळते, दुसऱ्या रिसीव्हरसमोर एकटा बचावपटू उरतो. रिसीव्हरची अर्धी किंमत ही अशी असते, आणि ती आकडेवारीत कुठेच उतरत नाही.

पण दुसरी बाजूही आकड्यांतूनच कळते. हिलने २०२२ मध्ये मायामीसाठी ११९ झेल घेतले. १७ सामन्यांत ११९, म्हणजे सामन्याला ७. एका सामन्यात संघ साधारण साठ-पासष्ट वेळा चेंडू खेळवतो, त्यातले तीस-पस्तीस पास असतात. जगातल्या सर्वोत्तम रिसीव्हरपैकी एकाच्या हातात चेंडू आला तो या साठेकातल्या सात वेळा. क्वार्टरबॅकच्या हातात तो जवळपास प्रत्येक वेळी येतो. शिवाय त्या सात वेळांसाठीही आधी लाइनने, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या खेळाडूंनी, दोन-तीन सेकंद क्वार्टरबॅकला सांभाळायला हवं, क्वार्टरबॅकला रिसीव्हर दिसायला हवा, आणि फेक अचूक पडायला हवी. एका हाताने टाळी वाजत नाही हे या जागेइतकं क्वचितच दुसरीकडे लागू पडत असेल.

आता किंमत. इथे भारतीय वाचकाला आयपीएल आठवून पाहता येईल. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, तो रोख रकमेच्या व्यवहारात. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमध्ये, खेळाडू असे रोखीने हात बदलत नाहीत. तिथलं चलन म्हणजे ड्राफ्टचे पिक. दर वर्षी एप्रिलमध्ये कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची सात फेऱ्यांमध्ये निवड होते. आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला प्रत्येक फेरीत आधी हक्क मिळतो, विजेत्याला शेवटी. हा निवडीचा हक्क म्हणजे पिक, आणि तो पुढच्या वर्षांचाही आगाऊ देता येतो. लिलावाच्या पर्ससारखी पगाराला मर्यादाही आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२२ मध्ये ती प्रत्येक संघाला २० कोटी ८२ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. एनएफएलमध्ये तसं काही नाही. आज केलेला करार चार वर्षांनीही मानगुटीवर असू शकतो.

पहिल्या फेरीचा पिक एवढा मौल्यवान का, हे या पगाराच्या मर्यादेमुळे कळतं. नवख्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर जवळजवळ ठरूनच गेलेला असतो. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे. जस्टिन जेफर्सन या रिसीव्हरला मिनेसोटा वायकिंग्सनी २०२० मध्ये २२ व्या क्रमांकावर घेतलं. त्याचा पहिला करार चार वर्षांचा मिळून सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलरचा होता. त्याच जेफर्सनने २०२४ मध्ये सही केलेला करार वर्षाला सरासरी साडेतीन कोटी डॉलरचा आहे. म्हणजे पिक देताना संघ केवळ एक तरुण खेळाडू देत नाही, तो चार-पाच वर्षांचा स्वस्ताईचा काळ देतो.

आणि रिसीव्हर आणणाऱ्याला दोनदा पैसे मोजावे लागतात. बातमीत येते ती पिकची किंमत. दुसरी किंमत नव्या कराराची. विकला जाणारा मोठा रिसीव्हर बहुतेक वेळा विकला जातो तोच मुळी जुन्या संघाला त्याचा पुढचा पगार परवडत नाही किंवा द्यायचा नाही म्हणून. साहजिकच नव्या संघात पाऊल टाकतानाच तो नवा करार मागतो. हिलला मायामीने चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. ॲडम्सला रेडर्सनी पाच वर्षांसाठी १४ कोटी, ब्राउनला ईगल्सनी चार वर्षांसाठी १० कोटी. हिलसाठी मायामीने पिक किती दिले? त्या वर्षीचे पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या फेरीचे, आणि पुढच्या वर्षीचे चौथ्या आणि सहाव्या फेरीचे. पाच पिक आणि १२ कोटी, हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय सौदा महाग की स्वस्त ते ठरवता येत नाही.

विकणाऱ्यालाही सगळं फुकट पडत नाही, आणि हा भाग जरा किचकट आहे. करार करताना खेळाडूला सहीच्या वेळी मोठा बोनस मिळतो. पैसे लगेच हातात पडतात, पण कॅपच्या हिशेबात तो बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो. खेळाडू मधेच विकला, की हिशेबात अजून न धरलेला सगळा भाग जुन्या संघाच्या कॅपवर एकदम येऊन आदळतो. याला डेड मनी म्हणतात, कारण खेळाडू गेला आणि आकडा राहिला. २०२४ मध्ये बफेलो बिल्सनी आपला रिसीव्हर स्टेफॉन डिग्स ह्यूस्टन टेक्सन्सला दिला तेव्हा त्यांच्या कॅपवर सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचा असा बोजा पडला. तरीही त्यांनी सौदा केला आणि त्या हंगामात १३ सामने जिंकले. नव्या संघाच्या वाट्याला मात्र जुना बोनस येत नाही, फक्त पुढचा पगार येतो. म्हणून कधीकधी घेणाऱ्याला खेळाडू मूळ मालकापेक्षा स्वस्त पडतो.

आता त्या तिघांकडे पुन्हा जाऊ. २०२२ च्या सुरुवातीला ईगल्सकडे काय काय होतं ते पाहा. जेसन केल्सी, लेन जॉन्सन, जॉर्डन मायलाटा अशी लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक लाइन. जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक अजून पहिल्या, स्वस्त करारावर होता. दुसऱ्या फेरीत घेतलेला असल्यामुळे त्या वर्षी कॅपमधला त्याचा वाटा वीस लाख डॉलरपेक्षाही कमी होता. क्वार्टरबॅकला इतके थोडे पैसे जात असतील तर रिसीव्हरला वर्षाला अडीच कोटी देणं झेपतं. डीव्होन्टा स्मिथ हा चांगला रिसीव्हर आधीच हाताशी होता, त्यामुळे बचावाला ब्राउनवर सगळं बळ लावता येणार नव्हतं. पहिल्या फेरीचे दोन पिक हातात असल्याने एक दिला तरी दुसरा उरत होता. ब्राउन २४ वर्षांचा होता, म्हणजे चारही वर्षं उमेदीची. आणि हर्ट्सची व त्याची जुनी मैत्री, त्यामुळे मैदानावर एकमेकांना समजून घ्यायला फार वेळ लागला नाही. यातलं एकेक कारण छोटं वाटेल, पण सगळी मिळून पाहिली तर या संघाला नेमकी याच माणसाची उणीव होती असं म्हणावं लागतं. ब्राउनने १,४९६ यार्ड आणि ११ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) केले, हर्ट्सची पास पूर्ण होण्याची टक्केवारी ६१.३ वरून ६६.५ वर गेली. सुपर बोल ते चीफ्सकडून ३८-३५ असा थोडक्यात हरले, आणि दोन वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याच चीफ्सना ४०-२२ ने हरवून जिंकले.

रेडर्सचा विचारही वरवर तसाच होता. त्यांचा क्वार्टरबॅक डेरेक कार आणि ॲडम्स फ्रेस्नो स्टेटमध्ये एकत्र खेळलेले. आदल्या वर्षी संघ १० सामने जिंकून प्लेऑफला गेलेला. वाटलं, आता एक मोठा रिसीव्हर आला की झालं. ॲडम्सने शब्दशः सगळं केलं: १०० झेल, १,५१६ यार्ड, लीगमध्ये सर्वाधिक १४ टचडाउन झेल. पण रेडर्स त्या हंगामात तीन सामने १७ किंवा जास्त गुणांची आघाडी घेऊन हरले. आघाडी टिकवणं हे रिसीव्हरच्या हातातलं काम नाही. ते बचावाचं काम आहे आणि चेंडू ताब्यात ठेवून घड्याळ पुढे सरकवणाऱ्या लाइनचं आहे. रेडर्सची दुखरी नस तिथे होती आणि त्यांनी पैसा दुसरीकडे ओतला. हंगामाचे शेवटचे दोन सामने राहिले असताना कारला बसवलं गेलं, फेब्रुवारीत सोडून दिलं. ज्या मित्रासोबत खेळायला ॲडम्स आला तो वर्षभरात गेला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ॲडम्सही न्यू यॉर्क जेट्सकडे गेला, तिसऱ्या फेरीच्या एका सशर्त पिकच्या बदल्यात. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे पिक देऊन घेतलेला खेळाडू अडीच वर्षांत इतका उतरला.

मायामीचं प्रकरण मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं, कारण तिथे सौदा खरंच यशस्वी झाला होता. हिलने २०२२ मध्ये १,७१० आणि २०२३ मध्ये १,७९९ यार्ड केले. दुसरा आकडा त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत मोठा होता. मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ पासिंग यार्डांत लीगमध्ये पहिला आला. त्या दोन वर्षांत डॉल्फिन्सचा हल्ला बघणं हा निखळ आनंद होता. पण प्लेऑफचा एकही सामना जिंकता आला नाही. २०२४ च्या जानेवारीत ते कॅन्सस सिटीच्या गोठवणाऱ्या थंडीत खेळायला गेले आणि २६-७ ने हरले. मायामीचा एकमेव टचडाउन हिलनेच केला, आपल्याच जुन्या मैदानावर. पुढच्या हंगामात तो ९५९ यार्डांवर घसरला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा गुडघा निखळला. मायामीने हिलला घेऊन चूक केली असं मी म्हणणार नाही. एका रिसीव्हरकडून मिळू शकतं तेवढं सगळं त्यांना मिळालं. त्याला एक मर्यादा असते, इतकंच.

ती मर्यादा सिनसिनाटी बेंगॉल्सनी आणखी ठळकपणे दाखवली. २०२४ मध्ये त्यांच्या जमार चेसने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. क्वार्टरबॅक जो बरोने ४३ टचडाउन पास फेकले. एवढं होऊनही संघ ९-८ वर (९ विजय, ८ पराभव) थांबला आणि प्लेऑफला मुकला, कारण बचाव गळका होता. फॅन्टसी लीगमध्ये गुण मिळतात ते यार्डांना आणि टचडाउनना. त्यामुळे फॅन्टसी खेळणाऱ्याच्या मनात रिसीव्हर मोठा होत जातो आणि ज्याला तिथे एकही गुण नाही तो लाइनमधला गार्ड दिसेनासा होतो. ट्रेडच्या चर्चा तापतात त्यात याचाही मोठा हात आहे असं मला वाटतं.

विकणाऱ्यांचं काय झालं? चीफ्सनी हिलचे काही पिक वापरून वरचा क्रमांक मिळवला आणि ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक घेतला. तो बचावाचा कणा बनला. हिल गेल्यानंतरच्या दोन्ही हंगामांत चीफ्सनी सुपर बोल जिंकला, आणि पॅट्रिक महोम्सने पहिल्याच वर्षी ५,२५० यार्ड फेकले. पण यावरून ‘रिसीव्हर विकावा’ असा सरसकट धडा घेऊ नये. महोम्ससारखा क्वार्टरबॅक आणि ट्रॅव्हिस केल्सीसारखा झेल घेणारा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच हे परवडतं. टायटन्सनी ब्राउन दिला आणि आलेल्या १८ व्या पिकवर ट्रेलन बर्क्स हा रिसीव्हरच घेतला. जवळपास त्याच ठेवणीचा, पण स्वस्त, असा हिशेब होता. त्याने पहिल्या हंगामात ४४४ यार्ड केले आणि पुढे दुखापतींनी त्याला उभं राहू दिलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ईगल्सनी टायटन्सना ३५-१० ने हरवलं, ब्राउनने ११९ यार्ड आणि दोन टचडाउन केले, आणि दोनच दिवसांनी टायटन्सच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

म्हणजे पिक हासुद्धा जुगारच. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुन्हा ईगल्सचंच आहे. २०२० च्या ड्राफ्टमध्ये २१ वा क्रमांक त्यांचा होता. त्यांना रिसीव्हर हवा होता, त्यांनी जेलन रेगर घेतला. पुढच्याच क्रमांकावर वायकिंग्सनी जेफर्सन घेतला. तो २२ वा पिक वायकिंग्सकडे आला होता डिग्सला बफेलोकडे दिल्याबद्दल! त्याआधी २०१९ मध्ये ईगल्सनी ५७ व्या क्रमांकावर घेतलेला रिसीव्हरही चालला नाही, आणि सात जागा खाली डी. के. मेटकाफ निघाला. रेगर दोन हंगाम खेळला आणि त्याला विकून टाकलं. २०२२ मध्ये ईगल्सनी ब्राउनसाठी मोठी किंमत मोजली तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे. आपल्याला या जागेवर नवखे खेळाडू पारखता येत नाहीत हे ज्या संघाला कळलं आहे, त्याने सिद्ध झालेला खेळाडू विकत घेणं शहाणपणाचं आहे. डिग्सच्या सौद्यात तर दोघंही जिंकले. डिग्सने बफेलोत पहिल्याच वर्षी १२७ झेल आणि १,५३५ यार्ड करून दोन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनची पास पूर्ण होण्याची टक्केवारी ५८.८ वरून ६९.२ वर गेली. अर्थात ॲलनचं ते तिसरं वर्ष होतं, तो स्वतःही घडत होता. सगळं श्रेय डिग्सच्या नावावर लावणं बरोबर नाही.

उलट दिशेनेही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे चार गाजलेले रिसीव्हर मुळात ड्राफ्टमध्ये कुठे मिळाले होते? ब्राउन दुसऱ्या फेरीत, ५१ वा. ॲडम्सही दुसऱ्या फेरीत, ५३ वा. डिग्स पाचव्या फेरीत, १४६ वा. हिलही पाचव्या फेरीत, १६५ वा, जरी त्याच्या घसरण्यामागे कॉलेजच्या काळातला घरगुती हिंसाचाराचा गंभीर गुन्हा होता. चौघांपैकी एकही पहिल्या फेरीतला नाही, आणि चौघांच्याही बदल्यात पुढे पहिल्या फेरीचा पिक गेला. हे फक्त जुन्या काळातलं नाही. लॉस एंजेलिस रॅम्सनी २०२३ मध्ये पुका नकुआला १७७ व्या क्रमांकावर उचललं आणि त्याने पहिल्याच हंगामात १०५ झेल, १,४८६ यार्ड करून नवख्यांचे विक्रम मोडले. कॉलेजचे संघ आता भरपूर पास खेळतात, त्यामुळे दर वर्षी तयार रिसीव्हर मोठ्या संख्येने येतात. क्वार्टरबॅक किंवा लाइनमधला डावा टॅकल असा खालच्या फेऱ्यांत हाताला लागणं फार विरळा. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दोन वर्षं लागोपाठ एकेक रिसीव्हर घेऊन पाहणं, हा ट्रेडला खरा पर्याय आहे. मात्र त्याला वेळ लागतो, आणि तीसेक वर्षांचा क्वार्टरबॅक हातात असलेल्या संघाकडे कधीकधी वेळच नसतो.

हंगाम सुरू असताना केलेले सौदे आणखी जोखमीचे. नव्या माणसाला आठवड्याभरात खेळाची अख्खी भाषा शिकायची असते, आणि क्वार्टरबॅकला तो वळण कधी घेतो याचा अंदाज बसायला सराव लागतो. डॅलस काउबॉइजनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमारी कूपरला पहिल्या फेरीचा पिक देऊन आणलं तेव्हा ते ३-४ वर होते. १०-६ वर संपवून त्यांनी आपला विभाग जिंकला, कूपरने नऊ सामन्यांत ७२५ यार्ड केले. पण तिथे डॅक प्रेस्कॉट हा क्वार्टरबॅक होता, इझिकिएल एलियट धावत होता, बचाव मजबूत होता. याउलट शिकागो बेअर्सनी १ नोव्हेंबर २०२२ रोजी चेस क्लेपूलसाठी पिट्सबर्ग स्टीलर्सना दुसऱ्या फेरीचा पिक दिला. क्लेपूलने उरलेल्या हंगामात १४ झेल आणि १४० यार्ड केले. बेअर्स ३-१४ वर संपले, आणि हरल्यामुळे तो पिक वर वर सरकत ३२ व्या क्रमांकावर गेला. त्या वर्षी डॉल्फिन्सचा पहिल्या फेरीचा पिक शिक्षा म्हणून काढून घेतलेला असल्याने पहिल्या फेरीत ३१ च नावं होती. म्हणजे पहिली फेरी संपताच पुढचा हक्क स्टीलर्सचा. त्यांनी कॉर्नरबॅक जोई पोर्टर ज्युनियर घेतला. दुबळ्या संघाने आपला पुढचा पिक देताना ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सौदा फसला आणि संघ हरत गेला, तर दिलेल्या पिकची किंमत आपोआप वाढते. ज्याला चूक परवडत नाही त्यालाच ती सगळ्यात महाग पडते.

२०२४ चे जेट्स हेही याच वाटेने गेले. ॲडम्स आला तेव्हा ते २-४ वर होते, प्रशिक्षकाला आदल्याच आठवड्यात काढलेलं होतं. ॲडम्सने ११ सामन्यांत ८५४ यार्ड केले, क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सशी त्याची जुनी जोडी जमलीही, आणि संघ ५-१२ वर संपला.

मग मी एखाद्या संघाचा चाहता म्हणून कुठल्या सौद्याला हो म्हणेन? क्वार्टरबॅक चांगला आहे आणि अजून त्याच्या पहिल्या करारावर आहे. लाइन त्याला उभं राहू देते. बचाव निदान मधल्या फळीतला आहे. आणि प्रतिस्पर्ध्याला सेफ्टी मागे ठेवायची गरज वाटत नाही असा आपला पासचा खेळ झाला आहे. असं असेल तर २४-२५ वर्षांच्या रिसीव्हरसाठी पहिल्या फेरीचा पिक द्यायला मी कचरणार नाही. क्वार्टरबॅक अजून सापडलाच नसेल तर मात्र नाही. तरुण क्वार्टरबॅकला पारखायचं म्हणून आधी मोठा रिसीव्हर आणा, असा युक्तिवाद नेहमी होतो. बफेलो आणि फिलाडेल्फियाने तेच केलं हे खरं. पण दोघांकडेही तोवर प्लेऑफला जाणारा संघ उभा होता, हे सांगायचं राहून जातं.

किमतीच्या बाबतीत मात्र धीर धरणाऱ्याला बक्षीस मिळतं. त्याच २०२२ च्या मार्चमध्ये, ॲडम्स आणि हिल यांच्या बातम्यांच्या काही दिवस आधी, डॅलसने तोच अमारी कूपर क्लीव्हलँड ब्राउन्सला दिला. त्याचा त्या वर्षीचा दोन कोटी डॉलरचा पगार कॅपमध्ये बसत नव्हता. बदल्यात मिळाला पाचव्या फेरीचा एक पिक आणि सहाव्या फेरीत जागांची अदलाबदल. कूपर २७ वर्षांचा होता. त्याने क्लीव्हलँडमध्ये पुढची दोन वर्षं १,१६० आणि १,२५० यार्ड केले. पगाराच्या कात्रीत सापडलेला संघ शोधायचा, पैसे आपण द्यायचे आणि पिक वाचवायचा, असा हा सौदा. बातम्यांत तो फार गाजत नाही.

याच जातीचा सगळ्यात मोठा सौदा २००७ मध्ये झाला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ओकलंड रेडर्सना चौथ्या फेरीचा पिक देऊन रँडी मॉस आणला. तो तिशीत पोचलेला होता, ओकलंडमधली दोन वर्षं निराशेची गेली होती, आणि पगारात कपात मान्य करून तो आला. शेजारी वेस वेलकर होता, तोही त्याच वर्षी ट्रेडने मायामीहून आलेला. चेंडू फेकायला टॉम ब्रेडी. मॉसने २३ टचडाउन झेलले, तो विक्रम झाला. पेट्रियट्स नियमित हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले. सुपर बोलमध्ये न्यू यॉर्क जायंट्सच्या बचावफळीने ब्रेडीला पाच वेळा पाडलं आणि सामना १७-१४ ने काढला.